माशाच्या अंगावरची रेघ

"मास्तरीणबाई, येक सांगू का? राग धरू नका. तुमची पोर गाडीला वळती, मान्साला वळत न्हाई."

कस्तुराबाईनं हे सांगितलं तेव्हा तिच्या एका हातात दुधाची चरवी होती आणि दुसऱ्या हातात झुंबरचा दंड. कस्तुराबाई म्हणजे पॉइंट्समनची बायको. लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टरांमागे तिनं म्हैस बांधली होती, आणि तिचं माहेर टाकव्याचं, म्हणजे नंदाच्या नवऱ्याच्या, मास्तरांच्याच गावचं, त्यामुळे बोलायला तिला कुणाची परवानगी लागत नसे. विहिरीकडे जाणारी पायवाट जिथं सायडिंगचे रूळ ओलांडते तिथं, दोन रुळांच्या मधोमध, झुंबर गारगोट्या मांडत बसली होती म्हणे, आणि इन्स्पेक्टरसाहेबाची ढकलट्राली उतारावरून सुसाट आली. "ट्रालीवालं बोंबलून दमलं, ए पोरी, हट, हट! ही आपली खाली मान घालून दगुड मांडतीया. म्या वढून काढली म्हनून बरं, न्हाईतर..." पुढचं कस्तुराबाईनं तोंडातच ठेवलं. नंदानं मुलीला ओढून जवळ घेतलं, गुडघे पाहिले, कोपर पाहिले, परकर झटकला, आणि मग, पोरीला काही झालेलं नाही हे कळल्यावर, आवाजात शाळामास्तरणीचा ठसका आणून ती म्हणाली, "खेळात रमली की तिला भान राहत नाही, कस्तुराबाई. आणि ऐकू येत नाही म्हणता? मेल खंडाळ्याच्या पुढे निघाली की ही दाराशी धावते. तुमच्या-माझ्या कानाला लागतं का तेव्हा काही?" कस्तुराबाईनं हनुवटीला बोट लावून विचार केला. "त्येबी खरंच म्हना," ती म्हणाली, आणि चरवी उचलून जाताना पाठमोरीच बोलली, "आमी आपलं मनाला लागलं ते सांगितलं. तुमी कालेजात शिकल्याला. तुमाला आमी काय सांगायचं?"

त्या शेवटच्या वाक्याचा टोमणा तेवढा नंदाच्या मनात राहिला. आधीचं वाक्य ती विसरून गेली.

काळजी करायला तिला कुणी शिकवायला नको होतं. लोणावळ्याच्या धुक्यात वाळत घातलेले कपडे आठवडा आठवडा ओले राहत, म्हणून ती शेगडीवर टोपली पालथी घालून झुंबरची झबली शेकायची. पाणी उकळायची, उकळलेलं पुन्हा गाळायची. पोर झोपली की नाकाशी बोट धरून श्वास पाहायची. मास्तर हसत. ते स्टेशनवर छोटे मास्तर होते, सारा गाव त्यांना मास्तर म्हणे, आणि नंदाही मनातल्या मनात त्यांना मास्तरच म्हणायची. "अगं, एवढं सिग्नलसारखं बघत बसू नकोस तिच्याकडे," ते म्हणत, "घाबरेल ती." पण नंदाचा डोळा हलायचा नाही. फक्त तो डोळा घसा, छाती, पोट, कपाळ असा फिरायचा. कानापाशी तो कधी थांबला नाही, कारण तिथं शंकेला जागाच नव्हती. मुलगी साडेतीन वर्षांची होऊन बोलत नव्हती हे खरं. 'आ' आणि 'बा' यापलीकडे तिची गाडी जात नव्हती. पण त्याला टाकव्याच्या सासूबाईंकडे उत्तर तयार होतं. मास्तरांकडे बोट करून त्या म्हणत, "आमच्याकं समदी उशिरानंच बोलत्यात. ह्याचा बाप पाच वर्सांनी बोलला, आन मग मरस्तवर गप बसला न्हाई." सासूबाईंचं नाव झुंबरबाई, नातीला तेच नाव दिलं होतं. नंदाला पहिल्यांदा ते जुनाट वाटलं होतं. नंतर तिला त्या नावाची सवय झाली, मग लळा लागला, आणि दिवसातून कितीदा तरी ती ते उगाचच उच्चारायची, झुंबर, झुंबर, कानातल्या डुलासारखं हलवत.

आणि ते घर! रुळांपासून हाकेच्या अंतरावर. घाट चढून आलेली गाडी लोणावळ्याला थांबायची, मागून रेटणारं विजेचं इंजिन सुटं व्हायचं, पुन्हा एकटं खाली जायचं. मालगाड्या तर येतच राहायच्या. गाडी यायच्या आधी फळीवरचे कप एकमेकांना अगदी हळू लागत, घंगाळातल्या पाण्यावर बारीक बारीक वळी उमटत, मग भिंत, मग जमीन, मग शिटी. झुंबर भातुकली टाकून उठायची, अनवाणी पायांनी दाराकडे धावायची आणि उंबऱ्यावर उभी राहून बोट दाखवायची. आणि तिच्या बोटानंतर, कितीतरी वेळानं, शिटी यायची. पाहुणे आले की नंदा हा खेळ मुद्दाम दाखवायची. "बघा हं आता," ती म्हणायची. पाहुण्यांना काहीच ऐकू येत नसे. झुंबर उठायची. मग सगळे हसायचे, कान आहेत की काय, म्हणायचे. नंदाला अभिमान वाटायचा.

त्या वर्षी, दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं, मास्तरांना रेल्वेचा फुकट पास मिळाला. पास मिळाला की लोक काशीला जात. मास्तरांनीही काशीच धरली होती. पण नंदा म्हणाली, मद्रास. मास्तरांना वाटलं, हिला रामेश्वर म्हणायचंय. "नाही हो," ती म्हणाली, "मासे." मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, जसं एखाद्या आडस्टेशनचं तिकीट मागणाऱ्या उतारूकडे पाहावं. ती प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. पुण्याच्या कॉलेजातल्या त्या लांब, थंड खोलीत स्पिरिटच्या बरण्यांत समुद्रातले मासे ठेवलेले असत, सगळे एकाच रंगाचे, शिजलेल्या भातासारखे पांढरट, डोळ्यांवर पडदा आलेले. त्यांची चित्रं काढून काढून तिच्या बोटांना शिसं लागलं होतं. एकदा एक प्राध्यापक म्हणाले होते, हे काही मासे नव्हेत, ही माशांची प्रेतं. मासे पाहायचे तर मद्रासला समुद्रकाठी मत्स्यालय आहे, काचेमागं जिवंत समुद्र ठेवलाय, तो बघा. लग्न झालं, लोणावळा आलं, पाऊस, धुकं, शेगडी, झबली आली. आणि या सगळ्याखाली कुठंतरी ती काच तशीच उजळत राहिली होती. मास्तर म्हणाले, "लोकांना काय सांगू? बायकोला मासे दाखवायला नेलं म्हणून? टाकव्यात तोंड दाखवता येणार नाही." पण पास मद्रासचा काढला.

गाडीत झुंबर इतकी सुखात होती की नंदाला नवल वाटलं. बाकाच्या फळीला गाल टेकून ती तासन्‌तास पडून राहायची, डोळे अर्धे मिटून, जणू कुणीतरी तिला गोष्ट सांगतंय. मद्रासला उतरल्यावर मात्र तिचं काहीतरी हरवलं. धर्मशाळेच्या फरशीवर ती पुन्हा पुन्हा तळवा टेकून बघायची, मग आईच्या तोंडाकडे बघायची. नंदानं कपाळ पाहिलं, ताप नव्हता. जीभ पाहिली. पाणी बाधलं असेल म्हणून ओवा चावून चावून तिच्या तोंडात घातला. तिथं जवळपास रूळ नव्हते, एवढंच होतं ते. पण हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार?

आणि शिवाय नंदाला स्वतःचंच सुधरत नव्हतं. या गावात तिला एक शब्द कळत नव्हता. बोलणाऱ्याचे ओठ हलत, गळ्यातून घडघड पाणी ओतल्यासारखा आवाज येई, आणि ती खुळ्यासारखी त्याच्या हाताकडे, भुवयांकडे बघत राही. भाजीवालीनं बोटं दाखवली की कळायचं. टांगेवाल्यानं मान हलवली की कळायचं, तेही उलटं, कारण इथली 'हो'ची मान तिला 'नाही'ची वाटायची. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे दुखू लागले. ऐकण्याचं काम डोळ्यांवर पडलं की ते किती थकतात, हे तिला पहिल्यांदा कळलं. तिनं झुंबरकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, परक्या गावात, परक्या बोलीत पोर बावरेल, पदराला चिकटेल. पण माणसांपुरतं तिचं काहीच बदललं नव्हतं. लोणावळ्यात कस्तुराबाईच्या तोंडाकडे ती जशी बघायची, मन लावून, किंचित मान तिरपी करून, तशीच ती त्या भाजीवालीकडे बघत होती. आणि भाजीवालीनं नुसती भुवई उडवली, तर झुंबरनं बरोबर तिच्या टोपलीतली काकडी उचलून तिच्या हातात दिली. मास्तर म्हणाले, "बघ, पोरगी तुझ्याआधी मद्राशी शिकली." नंदा हसली. पण त्या हसण्यातच कुठंतरी तिला बारीक टोचलं, मऊ वाळूतला खडा चपलेत जावा तसं. आणि चालताना तो सापडेना.

मत्स्यालय समुद्राच्या अगदी काठाला होतं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, पांढरी वाळू, वारा. आणि दारातून आत पाऊल टाकलं की अंधार. गार, खारट, ओला अंधार. डोळे त्याला सरावले तसा तो भिंतींच्या ठिकाणी उघडत गेला. एकेक काच, आणि एकेका काचेमागे वरून उतरणारा हिरवा उजेड. नंदा पहिल्याच काचेपाशी उभी राहिली ती हललीच नाही. पिवळेधमक मासे, पातळ, बशीसारखे, डोळ्यावरून काळा पट्टा ओढलेले; ते वळले की नाहीसेच होत, नुसती एक पिवळी रेषा उरे, मग पुन्हा बशी. हे ती ओळखत होती! याचं चित्र तिनं काढलं होतं, पाठीवरच्या काट्यांसकट. पण ते पांढरं होतं, मेलेलं होतं, त्याला हे वळणं येत नव्हतं. पुढच्या काचेत अंगभर पिसं फुलवलेला एक मासा पाण्यात न हलता टांगल्यासारखा उभा होता, विटकरी-पांढऱ्या पट्ट्यांचा, जणू कुणी लाखेच्या बांगड्यांना पंख फोडले होते. मास्तर म्हणाले, "हा काय मासा झाला? हा तर नवरदेव." एका दगडाच्या कपारीतून सापासारखी लांब वाम डोकं काढून तोंड उघडत होती, मिटत होती, उघडत होती, कुणाला तरी काहीतरी सांगत असल्यासारखी, आणि एक आवाज नाही. एक म्हातारं कासव काचेला नाक लावून माणसं बघत होतं. नंदाच्या मनात काहीतरी भरून आलं. का ते तिला कळलं नाही. इतकं सारं जगात चाललेलं असतं, आपण शेगडीवर झबली शेकत असतो तेव्हाही चाललेलं असतं, कुणी बघो न बघो हे पिवळे मासे असेच वळत असतात. आणि कुणीतरी समुद्राचं पाणी आत आणून, मधे काच लावून, माझ्यासारखीला म्हणालं, ये, बघ. तिला त्या न पाहिलेल्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. "अहो," ती म्हणाली, "काशीला गेलो असतो तर हे मिळालं असतं का?" मास्तर मान वर करून हिरव्या उजेडाकडे बघत होते. "नाही," ते हळूच म्हणाले, आणि त्यांच्या टोपीखालचा ओळखीचा चेहरा तिला क्षणभर लहान मुलासारखा दिसला.

मग तिचा हात रिकामा आहे हे तिच्या लक्षात आलं.

झुंबर कुठं गेली? गर्दी फार नव्हती, पण अंधार होता, आणि ती एकेका काचेपाशी वाकून बघत निघाली. मग ती दिसली. थोडं पुढं, मोठ्या काचेपाशी. लहान मुलांना उंची मिळावी म्हणून काचेखाली लाकडी फळ्यांची एक लांब पायरी केलेली होती. तिच्यावर झुंबर अनवाणी उभी होती, दोन्ही तळवे काचेला लावून. काचेमागे चांदीच्या रंगाच्या बोटभर माशांचा एक थवा लटकत होता, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. नंदाला हायसं वाटलं. "झुंबर," तिनं हाक मारली. झुंबर बघत राहिली. आत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. देवळात बोलावं तसं सगळे दबक्या आवाजात बोलत होते. नंदा जवळ गेली. "झुंबर!" एका मद्राशी बाईनं वळून पाहिलं, तिच्या कडेवरच्या तान्ह्यानंसुद्धा मान वळवली. झुंबरनं नाही. नंदा आणखी जवळ गेली, हात लांबवला असता तर वेणीला लागला असता एवढी जवळ, आणि तिनं तो लांबवला नाही. का लांबवला नाही हे तिला पुढं कधीही सांगता आलं नाही. तिनं सगळा जीव एकवटून, घसा खरवडून हाक मारली, आणि त्या अंधाऱ्या दालनातलं प्रत्येक माणूस तिच्याकडे वळलं; पाठमोरे राहिले ते फक्त मासे आणि झुंबर.

तेवढ्यात मत्स्यालयाचा नोकर, पांढऱ्या मिशांचा एक माणूस, हातातली भरलेली लोखंडी बादली घेऊन आला. काय गोंधळ आहे ते बघायला तो थांबला आणि बादली त्यानं त्या लाकडी पायरीच्या टोकाला धप्‌दिशी ठेवली. आवाज फार मोठा नव्हता. पण काचेमागचा सगळा थवा एका अंगानं, एका क्षणात, चांदीचा पडदा झटकावा तसा वळला. आणि त्याच क्षणी झुंबरही वळली. मागं नाही, बादलीकडे. पायाखालून काहीतरी आलं होतं ते कुठून आलं ते तिनं अचूक हेरलं, आणि मग तिची नजर फिरत आईच्या चेहऱ्यावर आली, आणि आईच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून तिचं हसू तिथंच थांबलं.

नंदाच्या डोळ्यांसमोर कागद आला, कॉलेजातला, जाड, पिवळसर. त्यावर तिनं काढलेला मासा, आणि कल्ल्यापासून शेपटीपर्यंत अंगाच्या कडेनं गेलेली एक बारीक रेघ. ती रेघ काढताना पेन्सिल हलकी धरावी लागे. त्या रेघेनं मासा पाण्याचा हेलकावा ओळखतो, असं तिनं स्वतः लिहिलं होतं. दूर कुठं काही हललं, पडलं, की ते अंगावरून त्याच्यापर्यंत पोचतं. त्या वाक्याला तिला शाबासकी मिळाली होती. कप, फळी, घंगाळातली वळी, भिंत, जमीन, आणि त्या जमिनीवर दोन अनवाणी तळवे. मेल खंडाळ्याच्या पुढं निघाली की पोर उठायची. आणि ढकलट्रालीनं जमीन हलत नाही. चार माणसांनी ढकलायची ती हलकी गाडी, तिनं काय हलणार? गाडीला वळती, मान्साला वळत न्हाई. कस्तुराबाई अगदी बरोबर बोलली होती, शब्दाला शब्द. आणि मी त्याच गोष्टीचा दाखला तिच्या तोंडावर फेकला होता. रुळाकाठच्या घरातच ही चूक होऊ शकते. शेतातल्या घरात असतो, गावात असतो, तर पहिल्या वर्षीच कळलं असतं. आम्हाला आमच्या गाड्यांनी फसवलं.

ती पायरीवर बसली. कुणाचे पाय, कुणाचं लुगडं, तिला काही दिसत नव्हतं. झुंबरनं दोन्ही ओले तळवे तिच्या गालांवर ठेवले आणि मान तिरपी करून तिच्या तोंडाकडे पाहिलं. आणि इतके दिवस ज्या बघण्याला ती लाड म्हणत होती, ते काय आहे हे नंदाला आता उमगलं. ही वाचत होती. जन्मापासून ही बोली न येणाऱ्या मुलखात एकटी हिंडत होती, मी इथं दोन दिवसांत थकले, आणि हिला हातवाऱ्यांनी, ओठांनी, भुवयांनी सगळा मुलूख पाठ झाला होता. दाराची कडी निघाली की भिंतीवरची उन्हाची पट्टी हलते, म्हणजे बाबा आले. कस्तुराबाईचा पदर दुधाच्या वेळी डाव्या बाजूला खोचलेला असतो. आई रागावली की तिच्या मानेची शीर दिसते. मी हिच्यावर डोळा ठेवून होते असं मला वाटत होतं. डोळा तर हिनं ठेवला होता माझ्यावर. कुणी शिकवलं हे हिला? कुणी नाही. त्या माशाला कोण शिकवतं? नंदाचे डोळे भरले, पण ते नुसते दुःखानं भरले नव्हते. पिवळ्या माशांपाशी जे भरून आलं होतं तेच पुन्हा आलं; तेव्हा त्याचं नाव तिला सापडलं नव्हतं, ते नवल होतं.

पांढऱ्या मिशांच्या त्या नोकरानं आपल्या बोलीत काहीतरी विचारलं. तिला कळलं नाही. त्यानं स्वतःच्या कपाळाला हात लावून, भुवया वर करून पुन्हा विचारलं: चक्कर आली का? नंदानं मान हलवली, आणि ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

वाळूत आल्यावर तिनं मास्तरांना सांगितलं. त्यांना ते पटेना. ते चिडलेच. "काहीतरी मनात घेतेस आणि मग त्याला पुस्तकातला आधार शोधतेस. अगं, माझ्याआधी तिला मेल कळते. मी स्टेशनातला माणूस, मला टेलिफोन येतो, तरी तिला आधी कळते."

"कळते. ऐकू येत नाही."

झुंबर थोड्या अंतरावर पाठमोरी बसून वाळूचं काहीतरी रचत होती. वाळूत पावलं बुडत होती, त्यांचा धक्का कुठंच पोचत नव्हता. मास्तरांचा हात कोटाच्या खिशात गेला. त्या खिशात त्यांची शिटी असायची, रजेवरसुद्धा. चावीसारखी ती त्यांच्याबरोबर फिरायची. ती कितीदा झुंबरसमोर वाजली असेल! पण शिटीमागोमाग गाडी हलायचीच, आणि गाडीमागोमाग जमीन. इथं गाडी नव्हती. मास्तर वाळूतून चालत झुंबरच्या अगदी मागं जाऊन उभे राहिले, सावली तिच्यावर पडणार नाही असे, आणि त्यांनी शिटी ओठांत धरली. तशीच धरून ठेवली. नंदाला वाटलं, नका वाजवू. वाजेपर्यंत तरी काही ठरलेलं नाही. मग ती वाजली, पुऱ्या फलाटाला पुरेल अशी. किनाऱ्यावरचे पक्षी उडाले. दूरचे कोळी हातातलं जाळं सोडून उभे राहिले. उकडलेले चणे विकणारी एक सुंडलवाली कानावर हात ठेवून मास्तरांना शिव्या देऊ लागली, आणि त्या शिव्या आहेत हे समजायला मद्राशी यायची गरज नव्हती.

झुंबरनं ओंजळीतली वाळू ढिगावर सोडली. हातानं थोपटली.

मास्तर वळसा घालून तिच्या समोर गेले आणि स्टेशनचा करडा कोट अंगात तसाच असताना वाळूत फतकल मारून बसले. झुंबरनं वर पाहिलं, बापाचं तोंड वाचलं, आणि तिला त्यात काय दिसलं कोण जाणे, तिनं त्यांच्या ओठांतली शिटी काढून घेतली आणि आपल्या ढिगाच्या माथ्यावर कळसासारखी खोचली. "बा," ती म्हणाली. मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नंदानं त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं ते तोंडावरचे हात न काढताच म्हणाले, "ट्रालीच्या दिवशी कस्तुराबाई नसती तर?" आणि नंदाला वाटलं, या एका प्रश्नात आता आपण दोघं जन्मभर राहणार. पण समोर झुंबर बसली होती आणि बापाचे हात तोंडावरून सोडवत होती, कारण हात मधे आले की तिला वाचता येत नव्हतं. त्यांनी हात काढले.

लोणावळ्याला उतरल्यावर नंदा सामान घरात टाकून आधी म्हशीच्या गोठ्यात गेली. कस्तुराबाई धार काढत होती. सगळं ऐकून तिचे हात थांबले. 'मी म्हनलं नव्हतं?' असं ती म्हणेल म्हणून नंदानं मान खाली घातली होती. कस्तुराबाई एवढंच म्हणाली, "मग आता रुळाकडनं आडवी फळकुटं घाला, नाय तर कुपान घाला. आन रडू नका, लेकराला दिसतं." मग धारेला हात लावत, "आन काय वो, मासं बगायला येवढ्या लांब? आमच्या इंद्रायणीत काय कमी हायेत व्हय?" नंदा रडता रडता हसली. कुंपण त्याच आठवड्यात झालं. मुंबईला अशा मुलांची शाळा आहे असं मास्तरांनी कुणाकडून तरी शोधून काढलं. तिथं ओठ वाचायला शिकवतात म्हणे. नंदाला वाटलं, ते तर हिला येतंच, आता आम्हीच जाऊन शिकायला हवं. आणि तिनं घरात एक रीत पाडली: झुंबरला हाक मारायची तर आधी टाच जमिनीवर आपटायची. हळूच, एकदा. झुंबर वळते. मग तिच्यासमोर बसून, उजेडाकडे तोंड करून, नाव घ्यायचं. कानातल्या डुलासारखं, पण आता ओठांनी.

तरी काळजी ती काळजीच. अजूनही नंदा कुणाच्या घरी गेली आणि कोपऱ्यात एखादं मूल शहाण्यासारखं गप खेळताना दिसलं, की तिचं गप्पांत लक्ष लागत नाही. किती गुणी आहे हो, त्रास म्हणून नाही, आई सांगत असते. आणि नंदाला त्या आईला दंडाला धरून उठवावंसं वाटतं. ती उठवत नाही. परक्या घरात असं करता येत नाही. पण हे वाचणाऱ्याला सांगता येतं. तुमच्या घरात, शेजारात असं एखादं मूल असेल तर पुस्तक पालथं ठेवा आणि बघून या. टाळी नको, तिचा वारा लागतो. सावली पडू देऊ नका. पाय आपटू नका. नुसतं मागं उभं राहून, रोजच्या आवाजात, त्याच्या नावानं हाक मारा. वळलं तर देव पावला. नाही वळलं तर घाबरू नका, पुढं जाऊन त्याच्यासमोर बसा, ते तुमची वाटच बघत असेल. आणि घर रुळाकाठी असेल, तर आधी गाडी जाऊ द्या. घंगाळातलं पाणी पुरतं थांबू द्या. मग हाक मारा.